ग्रामीण प्रौढांचे हृदयारोग्य आणि जीवनशैलीविषयक सर्वेक्षणे : एक चिकित्सा

प्रस्तावना

हृदयविकार हा शहरातील सुखवस्तू आणि बैठे काम करणाऱ्या माणसाचा आजार आहे, ही समजूत ग्रामीण महाराष्ट्रात अद्याप बऱ्याच प्रमाणात टिकून आहे. उपलब्ध पुरावा मात्र तिच्या विरोधात जातो. तत्कालीन आंध्र प्रदेशातील पूर्व व पश्चिम गोदावरी जिल्ह्यांतील ४५ गावांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के मृत्यू रक्ताभिसरण संस्थेच्या आजारांनी झाल्याचे आढळले. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांमध्ये 'सर्च' या संस्थेने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झालेले होते आणि मृत्यूच्या कारणांत पक्षाघाताचा क्रम पहिला लागला. हे मृत्यू बहुतांशी घरीच झाले होते. ज्या जिल्ह्याची ओळख जंगल, हिवताप आणि कुपोषण यांच्याशी जोडली जाते, तेथील हे चित्र आहे.

यामुळे ग्रामीण प्रौढांच्या हृदयारोग्याची सर्वेक्षणे गेल्या दोन दशकांत वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'स्टेप्स' पद्धतीवर आधारलेली सर्वेक्षणे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा 'इंडिॲब' अभ्यास, आशा कार्यकर्तींकडून भरून घेतले जाणारे जोखीम मूल्यांकन पत्रक आणि त्यांच्या जोडीला महाविद्यालयांतील समाजशास्त्र, गृहविज्ञान, शारीरिक शिक्षण व राष्ट्रीय सेवा योजना विभागांनी दत्तक गावात केलेली छोटी सर्वेक्षणे, असा हा विस्तार आहे. या सर्वेक्षणांतून हाती येणारी टक्केवारी बहुधा निमूटपणे स्वीकारली जाते. ती कोणत्या प्रश्नांतून, कोणाकडून आणि कोणत्या वेळी मिळाली, याची चौकशी क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा विषय ही चौकशी हाच आहे.

प्रश्नांचा उगम

आज गावात विचारले जाणारे प्रश्न मुळात गावात जन्मलेले नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या नगरात १९४८ मध्ये ३० ते ६२ वयोगटातील ५२०९ स्त्री-पुरुषांची पाहणी सुरू झाली. याच अभ्यासातून १९६१ च्या सुमारास 'जोखीम घटक' ही संकल्पना वैद्यकात रूढ झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह, स्थूलता हे घटक पुढे जगभर मोजले गेले आणि त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. अडचण घटकांची नसून ते विचारण्याच्या साच्याची आहे. पगारी नोकरी, आठवड्याची सुटी, दुकानातून आणलेले अन्न आणि फावल्या वेळात केलेला व्यायाम हे ज्या समाजात गृहीत धरता येते, तेथील प्रश्नावली नुसती भाषांतरित करून शेतावरच्या माणसासमोर ठेवली, तर उत्तर मिळते. पण ते कशाचे उत्तर आहे, हे सांगता येत नाही.

प्रश्नाची भाषा आणि उत्तराची भाषा

तंबाखूचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. 'तुम्ही तंबाखू खाता का?' हा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रातील एखाद्या प्रौढ स्त्रीला विचारला, तर ती प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. ती मिश्री लावते. मिश्री ही भाजून पूड केलेली तंबाखूच असते. दिवसातून तीन-चार वेळा ती हिरड्यांना लावली जाते आणि तिच्यातील निकोटीन रक्तात जाते. तथापि मराठीत मिश्री 'लावतात', तपकीर 'ओढतात', विडी 'ओढतात' किंवा 'पितात', तंबाखू 'मळतात' आणि विदर्भात खर्रा 'खातात' किंवा 'घोटतात'. क्रियापद बदलले की सवय प्रश्नाच्या कक्षेबाहेर जाते. शिवाय मिश्री ही त्या स्त्रीच्या लेखी दात घासण्याची वस्तू आहे, व्यसन नव्हे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १२.८ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे दिसले, तर धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया केवळ २ टक्के होत्या. त्या सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखूविषयी स्वतंत्रपणे विचारणा झाली होती. ज्या छोट्या सर्वेक्षणांत 'धूम्रपान : होय / नाही' एवढाच रकाना असतो, त्यांत स्त्रियांचे तंबाखूसेवन जवळजवळ शून्य दिसते आणि निष्कर्षात 'ग्रामीण स्त्रिया व्यसनमुक्त आहेत' असे वाक्य येते. हे वाक्य चूक तर आहेच, शिवाय घातकही आहे. कारण पुढच्या जनजागृती कार्यक्रमातून त्या स्त्रिया आपोआप वगळल्या जातात.

रक्तदाबाच्या प्रश्नाचेही असेच आहे. 'तुम्हाला बीपी आहे का?' या प्रश्नाला अनेक स्त्रिया होकार देतात आणि पुढे सांगतात की, 'माझा बीपी लो होतो.' थकवा, चक्कर, रक्तक्षय, उपासमार यांपैकी काहीही या 'लो बीपी'त सामावलेले असू शकते. प्रश्न विचारणाऱ्याने दुसरे वाक्य ऐकून घेतले नाही, तर ती उच्च रक्तदाबाची रुग्ण म्हणून नोंदली जाते. उलट ज्याला खरोखर उच्च रक्तदाब आहे तो सांगतो, 'होता, पण गोळ्या घेतल्या, आता बरा झाला.' बरे वाटल्यावर गोळी बंद करणे ही त्याच्या दृष्टीने उपचाराची सांगता असते. त्याची नोंद 'नाही' या रकान्यात होते.

छातीत दुखण्याची लक्षणे टिपण्यासाठी जॉफ्री रोझ यांनी १९६२ मध्ये तयार केलेली प्रश्नावली आजही वापरली जाते. चढ चढताना किंवा घाईने चालताना छातीत दुखते का, थांबल्यावर ते दहा मिनिटांत कमी होते का, असा तिचा क्रम आहे. मावळात किंवा कोकणात चढाचा प्रश्न समजतो. खानदेशच्या सपाट मुलुखात तो अडखळतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'दुखणे' हा शब्द. छातीत कळ येणे, भरून येणे, जड वाटणे, जीव घाबरा होणे, धाप लागणे, 'गॅस झाला' असे वाटणे, या प्रत्येक अनुभवाला बोलीत स्वतंत्र शब्द आहे आणि त्यांतील फार थोड्यांना बोलणारा माणूस 'दुखणे' म्हणतो. विशेषतः स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणे धाप, थकवा आणि अस्वस्थता या रूपात येण्याचे प्रमाण अधिक असते. प्रश्नावली तयार करताना वैद्यकीय तज्ज्ञाबरोबर भाषेच्या अभ्यासकाला बसवावे, ही सूचना अनेकांना हौशी वाटेल. परंतु बोलीभाषेचा विभाग आणि विज्ञानाचा विभाग एकाच इमारतीत असणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयाला जे सहज शक्य आहे, ते मोठ्या संस्थांनाही नसते.

दारूच्या प्रश्नात कायदाही येऊन बसतो. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथे 'गेल्या तीस दिवसांत दारू घेतली का?' हा प्रश्न आरोग्याचा राहत नाही. तो गुन्ह्याची कबुली मागणारा ठरतो. त्यातही मोहाची किंवा हातभट्टीची दारू 'प्रमाणित पेया'त कशी मोजावी, हा पेच आहेच. तिची तीव्रता भट्टीगणिक बदलते आणि माप ग्लासाचे असते.

आहाराच्या प्रश्नांविषयी थोडक्यात सांगता येईल. दिवसाला पाच वाढप फळे-भाज्या, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम, हा निकष आहे. गावात 'फळ' म्हणजे बाजारातून आणलेले केळे किंवा सफरचंद आणि तेही बहुधा आजाऱ्यासाठी. बांधावरची बोरे, जांभळे, करवंदे, सीताफळे आणि पावसाळ्यातील रानभाज्या मोजल्याच जात नाहीत. मिठाविषयी 'वरून मीठ घेता का?' एवढेच विचारले, तर लोणचे, पापड, ठेचा आणि किनारपट्टीवरील खारवलेली मासळी निसटून जाते.

कष्ट आणि व्यायाम

'आपण नियमित व्यायाम करता का?' या प्रश्नाला ८० ते ९० टक्के नकार आले म्हणून ग्रामीण जीवन बैठे झाल्याचा निष्कर्ष काढणारे लेख वाचनात येतात. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेची शारीरिक हालचालविषयक प्रश्नावली काम, प्रवास आणि फावला वेळ असे तीन भाग स्वतंत्रपणे विचारते. छोट्या सर्वेक्षणांत पहिले दोन भाग गाळले जातात आणि तिसराच उरतो. विहिरीवरून पाणी आणणारी, खुरपणी करणारी, सरपण गोळा करणारी स्त्री 'व्यायाम न करणारी' ठरते. तिला सकाळी चालायला जाण्याचा सल्ला दिला जातो, तेव्हा सर्वेक्षण हास्यास्पद होते.

अर्थात याची दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल, तणनाशक आणि घरातील दूरचित्रवाणी यांनी अनेकांचे, मुख्यतः जमीनधारक पुरुषांचे, कष्ट खरोखरच कमी केले आहेत. त्याच घरातील स्त्रीचे कष्ट तितके कमी झालेले नसतात. म्हणून 'ग्रामीण प्रौढ' असा एकच गट धरून काढलेली सरासरी कोणाचेच वर्णन करीत नाही.

कष्टाला ऋतूही असतो. भातलावणीच्या दिवसांतील मावळ आणि एप्रिलमधील मावळ यांत हालचालीचे प्रमाण सारखे असणार नाही. 'नेहमीच्या आठवड्यात' किती हालचाल होते, हा प्रश्न अशा वेळी निरर्थक होतो, कारण नेहमीचा आठवडा असा काही नसतो. ऊसतोडीचे उदाहरण याहून टोकाचे आहे. बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतील लक्षावधी स्त्री-पुरुष दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत साखर कारखान्यांच्या परिसरात राहतात. महाविद्यालयीन सर्वेक्षणे आणि सेवा योजनेची शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात. त्या वेळी या घरांना कुलूप असते. सर्वेक्षक शेजारचे उघडे घर निवडतो आणि गावातील सर्वाधिक कष्ट करणारा, पहाटेपासून मोळ्या वाहणारा, तंबाखूवर भूक मारणारा वर्ग आकडेवारीतून नाहीसा होतो. याच वर्गातील स्त्रियांमध्ये तरुण वयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण चिंताजनक असल्याचे समोर आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने चौकशी समिती नेमली होती. बीजकोश काढल्याने अकाली आलेली रजोनिवृत्ती हृदयविकाराचा धोका वाढवते, हे वैद्यकात मान्य आहे. तरीही हृदयारोग्याच्या प्रश्नावलीत हा प्रश्न सहसा आढळत नाही.

मोजमाप

प्रश्नांपेक्षा यंत्राचा आकडा अधिक विश्वसनीय मानला जातो. तो तसा आहेही, पण अटींवर. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसणे, अर्ध्या तासात चहा-तंबाखू न घेणे, दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असणे, दंडाच्या घेराला साजेसा पट्टा वापरणे आणि एकाहून अधिक वेळा मोजून सरासरी काढणे, हे नियम आहेत. सर्वेक्षक घरात येताच चहा ठेवला जातो, ओट्यावर माणसे जमतात आणि दंडावर जाड बाही असते. हे सारे टाळणे शक्य आहे; परंतु ते टाळले की नाही, हे लेखात लिहिलेले नसते.

राष्ट्रीय पाहण्यांतही आकडे जुळत नाहीत. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ वर्षांवरील २१.३ टक्के स्त्रिया व २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. ग्रामीण भागात हे प्रमाण अनुक्रमे २०.२ व २२.७ टक्के होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडिॲब' अभ्यासात, २० वर्षांवरील एक लाखाहून अधिक व्यक्तींच्या तपासणीनंतर, उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आढळले. वयोमर्यादेतील फरकाने या अंतराचा काही भागच उलगडतो. उरलेला भाग मोजण्याच्या रीतीत, निवडलेल्या नमुन्यात आणि कालावधीत शोधावा लागतो. ज्या कोणाला आपल्या लेखात 'भारतात उच्च रक्तदाबाचे प्रमाण इतके आहे' असे लिहायचे आहे, त्याने कोणता आकडा का निवडला हे सांगणे बंधनकारक मानले पाहिजे.

रक्तशर्करेच्या तपासणीत एक खास मराठी अडचण उद्भवते. 'उद्या सकाळी उपाशीपोटी या' असे सांगितले जाते आणि एखादी स्त्री गुरुवारी येते. तिचा उपवास असतो आणि ती साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेली असते. 'उपवास' आणि 'उपाशी' यांतील हा भेद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. शेतावर पहाटे जाणाऱ्यांना तर दहा वाजेपर्यंत उपाशी थांबणेच परवडत नाही. त्यामुळे अशा तपासणीला थांबू शकणारे, म्हणजे म्हातारे आणि काम नसलेले लोक अधिक येतात.

नमुना आणि त्याचे दशांश

महाविद्यालयीन सर्वेक्षणांचा सर्वांत मोठा दोष नमुना निवडीत आहे. 'यादृच्छिक पद्धतीने १०० प्रतिसादकांची निवड केली' हे वाक्य जवळजवळ ठराविक झाले आहे. प्रत्यक्षात ते शंभर प्रतिसादक म्हणजे आरोग्य शिबिराला आलेले, ग्रामपंचायतीसमोर भेटलेले किंवा सकाळी अकरा वाजता घरी सापडलेले लोक असतात. शिबिराला येणाऱ्यांत आधीच त्रास असलेले अधिक असतात. अकरा वाजता घरी असणाऱ्यांत वृद्ध स्त्रिया अधिक असतात. गावठाणापासून दूर असलेली दलित वस्ती, धनगरवाडा, आदिवासी पाडा येथपर्यंत पाहणी पोहोचतच नाही. आणि नमुना खरोखर यादृच्छिक असला, तरी शंभर जणांत २५ टक्के प्रमाण आढळल्यास खरे प्रमाण साधारण १६ ते ३४ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. अशा स्थितीत दशांश चिन्हापुढे दोन अंक देणे ही अचूकतेची केवळ सजावट आहे. त्याऐवजी मतदारयादी किंवा आशाताईंची कुटुंब नोंदवही घेऊन नावे काढावीत, घर बंद असल्यास पुन्हा जावे आणि किती घरे शेवटपर्यंत बंदच राहिली ते लिहावे. ही माहिती लेखाची बाजू लंगडी करीत नाही. एखाद्या लेखात बंद घरांची संख्या आढळली, तर त्या लेखावरील विश्वास वाढतो.

'जीवनशैली' या शब्दाविषयी

या सर्व सर्वेक्षणांच्या मुळाशी 'जीवनशैली' हा शब्द आहे. शैली म्हटली की निवड आली. माणसाने चुकीची निवड केली म्हणून तो आजारी पडला, हा अर्थ त्या शब्दात न सांगता शिरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन या अर्थाला मोठा धक्का देते. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बालकांचा अभ्यास केला. या बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. मात्र वजन, स्नायू व पोटातील अवयव कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. याज्ञिक आणि इंग्लंडमधील प्राध्यापक युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. म्हणजे ज्या प्रौढाला सर्वेक्षक 'सडपातळ, जोखीम नाही' असे नोंदवतो, त्याच्या जोखमीचा एक भाग आईच्या पोटात असतानाच ठरलेला असू शकतो. त्या काळात त्याची आई काय खात होती आणि कोणते काम करीत होती, हे कोणत्याही 'जीवनशैली'च्या रकान्यात बसत नाही. चुलीचा धूरही तसाच. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ४३.२ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. आशा कार्यकर्तीच्या पत्रकात इंधनाचा प्रश्न आहे, परंतु तो श्वसनविकाराच्या संदर्भात. जोखमीच्या गुणांकनात त्याला स्थान नाही.

१७ देशांतील दीड लाखाहून अधिक लोकांच्या 'प्युअर' या अभ्यासाचे २०१४ मधील निष्कर्ष तर संपूर्ण चर्चेची दिशा बदलणारे आहेत. जोखीम घटकांचा भार श्रीमंत देशांत सर्वाधिक आणि भारतासारख्या गरीब देशांत सर्वांत कमी आढळला. परंतु हृदयविकाराचा झटका किंवा तत्सम घटना घडल्यावर मृत्यू होण्याचे प्रमाण श्रीमंत देशांत ६.५ टक्के, तर गरीब देशांत १७.३ टक्के होते. शहर आणि खेडे यांची तुलना केली असता शहरात जोखीम अधिक, पण घटना व मृत्यू खेड्यात अधिक, असेच दिसून आले. ग्रामीण माणूस हृदयविकाराने मरतो तो केवळ त्याच्या सवयींमुळे नव्हे. रक्तदाब कधी मोजला न गेल्याने, गोळी न मिळाल्याने, छातीत कळ आल्यावर वाहन न मिळाल्याने तो मरतो. तंबाखू, मीठ, चरबी यांची मोजणी आवश्यकच आहे. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्राचे अंतर, तेथे औषध उपलब्ध असलेले दिवस आणि महिन्याचा औषधखर्च हे तीन प्रश्न नसलेली प्रश्नावली अर्धीच मानावी लागेल.

सर्वेक्षणानंतर

बहुतेक लेखांच्या शेवटी 'जनजागृती करण्यात यावी' ही शिफारस असते. ज्या माणसाचा रक्तदाब त्या दिवशी १७०/१०० निघाला, त्याचे पुढे काय झाले, हे लेखात नसते. त्याला आकडा लिहून दिला का, पुन्हा मोजण्यासाठी कोठे जावे हे सांगितले का, त्याचे नाव त्याच्या संमतीने आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत गेले का? माहिती घेऊन निघून जाणे हे संशोधनाच्या नीतीत बसत नाही. २०१७-१८ पासून सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा आरंभीच समावेश झाला. तेथे औषधांचा क्रम ठरवून दिलेला आहे आणि यशाचे मोजमाप किती रुग्ण सापडले यावर थांबत नाही. नोंदलेल्यांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला, हे तपासले जाते. दत्तक गावात दरवर्षी जाणाऱ्या महाविद्यालयाला हे मोजमाप सहज स्वीकारता येईल, कारण त्याच घरांत पुन्हा जाणे त्याला शक्य असते.

ही दुसरी भेट ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी दसऱ्यापूर्वीच घ्यावी लागेल. महिन्याला तीस गोळ्या या हिशेबाने औषध देणारे केंद्र आणि सहा महिने फडावर राहणारा रुग्ण यांचा मेळ बसत नाही. निघण्यापूर्वी त्याच्याजवळ किती दिवसांच्या गोळ्या होत्या आणि कारखान्याजवळच्या केंद्रात त्याचे कार्ड चालले का, हे विचारण्यासाठी पत्रकात दोन ओळी पुरतात.